नवी गाडी सारखी बंद पडते आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘ओके’ : वॉरंटीतला लपणारा दोष कसा पकडायचा

दसऱ्याला घेतलेली माझी १६० सीसीची मोटारसायकल डिसेंबर संपेपर्यंत अकरा वेळा बंद पडली. चार वेळा सर्व्हिस सेंटरला नेली आणि चारही वेळा जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवायच्या कागदावर, एकच ओळ आली : ‘चेक केले, ट्रायल घेतली, ओके.’ शेवटी दोष सापडला, भाग वॉरंटीत बदलून मिळाला, पण त्यात साडेतीन महिने गेले. योग्य पद्धत पहिल्या दिवसापासून माहीत असती तर हे काम तीन आठवड्यांत झालं असतं, असं मला आज खात्रीने वाटतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे. ज्यांची नवी गाडी अशीच मधूनमधून दगा देते आणि मेकॅनिकसमोर गेली की शहाण्यासारखी चालते, त्यांच्यासाठी.

लक्षण असं होतं. गाडी चांगली चालत असायची आणि कुणी चावी फिरवावी तसं इंजिन एकदम गप्प. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही, पिकअप गेल्यासारखं वाटणं नाही. कडेला घेऊन सेल्फ मारला की लगेच चालू. मग दोन दिवस, कधी आठवडाभर काहीच नाही.

मी उंब्रजजवळच्या गावातून रोज साताऱ्याला एमआयडीसीत कामाला जातो. नोव्हेंबरात एकदा अण्णांना दवाखान्यात नेत होतो, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. हायवेच्या पुलाखाली वळताना गाडी बंद पडली आणि मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या भरलेल्या. भरलेल्या दोन ट्रॉल्या थांबायला किती जागा लागते हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. ड्रायव्हरने कसाबसा कट मारून ट्रॅक्टर काढला. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, “मी आपला रिक्षानं जात जाईन.” दुसऱ्या दिवशी मी गाडी तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला लावली आणि संध्याकाळी ती ‘ओके’ होऊन परत मिळाली.

त्यांना दोष का दिसत नाही

सुरुवातीला मला वाटायचं की हे लोक टाळाटाळ करतात. थोडीफार असेलही. पण खरं कारण वेगळं आहे. तिथे गाडीची ट्रायल कशी होते ते एकदा उभं राहून बघा. गाडी सकाळपासून रांगेत उभी असते, इंजिन थंड. पोरगा एकटा बसतो, शोरूमसमोरच्या सरळ रस्त्यावर एक किलोमीटर जाऊन येतो. माझी गाडी बंद पडायची ती हळू चालताना, वळताना. त्या सरळ किलोमीटरभर रस्त्यावर ती आयुष्यात बंद पडली नसती. मधूनच डोकं वर काढणाऱ्या प्रत्येक दोषाची स्वतःची परिस्थिती असते. ती परिस्थिती शोधून त्यांच्यासमोर उभी करणं हे काम गाडी वापरणाऱ्यालाच जमतं, कारण रोज गाडीवर तोच बसतो.

दसरा-पाडव्याच्या गाड्यांबद्दल एक सांगतो. मुहूर्ताच्या दिवशी शोरूममधून गाड्या धडाधड बाहेर पडतात. गाडी ग्राहकाच्या हातात देण्याआधी एक तपासणी करायची असते, तिला पीडीआय म्हणतात : बॅटरी पूर्ण चार्ज, टर्मिनल घट्ट, केबल आणि वायरिंग आपापल्या क्लिपमध्ये, चेनचा ताण, नटबोल्ट. गर्दीत ही तपासणी घाईत उरकली जाते. तुमची गाडी सणाच्या दिवशी घेतलेली असेल आणि पहिल्या महिन्यातच इलेक्ट्रिकची कटकट सुरू झाली असेल, तर इंजिनाआधी या साध्या गोष्टींकडे बघायला सांगा. पीडीआयच्या कागदाची प्रतही मागून ठेवा.

आधी वही घाला

गाडी दुसऱ्यांदा बंद पडली की वही सुरू करा. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. तारीख, मीटरचं रीडिंग, किती वेळ गाडी चालवून झाली होती, टाकीत पेट्रोल किती, पाऊस होता का, मागे कोणी बसलं होतं का, रस्ता खड्ड्याचा की गुळगुळीत, वेग किती, हँडल सरळ की वळलेलं. मला हे आठव्या वेळी सुचलं, आधीचे सात प्रसंग आठवून लिहिले.

यातला सर्वांत मोलाचा प्रश्न एकच आहे : इंजिन बंद पडलं त्या क्षणी मीटरचे दिवे चालू राहिले की तेही गेले?

मीटरही गेलं, किंवा चावी नव्याने फिरवल्यावर काटा जसा एक फेरी मारतो तशी फेरी त्याने मारली, तर गाडीचा मुख्य करंटच तुटतो आहे. मग बघायची ठिकाणं मोजकी : बॅटरीचे टर्मिनल, मेन फ्यूज, इग्निशन स्विच आणि त्याच्याकडून निघालेल्या वायरी. नव्या गाडीत ढिला टर्मिनल ही फार साधी आणि फार वेळा सापडणारी गोष्ट आहे.

मीटर चालू राहिलं आणि फक्त इंजिन मेलं, तर शोध दुसरीकडे वळतो. साइड स्टँडचा स्विच बघा. स्टँड खाली असताना गिअर टाकला की इंजिन बंद व्हावं म्हणून तो असतो, पण स्टँडची स्प्रिंग ढिली असेल किंवा स्विचमध्ये चिखल बसला असेल तर खड्ड्यात गाडी आपटली की स्टँड उघडा असल्याचा चुकीचा संदेश जातो. गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करणारा एक सेन्सरही बऱ्याच गाड्यांत असतो, तो नीट बसलेला नसेल तरी असाच त्रास होतो. मग पेट्रोलचा पंप. चावी ऑन केल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद ‘झूं’ असा बारीक आवाज येतो, तो पंप. गाडी बंद पडल्यावर चावी बंद करून पुन्हा ऑन करा आणि कान टाकीला लावा. आवाज आला नाही तर पंप किंवा त्याचा रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच, तपासायला सांगता येतं.

आणि एक खूण : तीस-चाळीस किलोमीटरनंतरच गाडी दम तोडत बंद पडत असेल, टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ होऊन हवा आत ओढली जात असेल आणि नंतर गाडी नीट चालत असेल, तर टाकीला हवा घ्यायची वाट तुंबली आहे. पेट्रोल खाली उतरतं, त्याच्या जागी हवा शिरत नाही, आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचता येत नाही. झाकणाच्या आतली वाट किंवा वाफेची नळी मोकळी केली की काम होतं.

माझ्या वहीत अकरापैकी नऊ नोंदींत एकच गोष्ट होती : हँडल डावीकडे पूर्ण वळलेलं. पुलाखालचं वळण डावं, आमच्या गल्लीत शिरतानाचं वळण डावं, कंपनीच्या गेटवर गाडी लावतानाही डावीकडेच. उरलेल्या दोन वेळा स्पीडब्रेकर. आणि प्रत्येक वेळी मीटर विझलेलं. दोन महिने रोज गाडी चालवून माझ्या हे लक्षात आलं नव्हतं, कागदावर एकाखाली एक आल्यावर पाच मिनिटांत दिसलं.

दोष त्यांच्यासमोर घडवून आणणं

पाचव्या वेळी गाडी ठेवून निघून आलो नाही. साताऱ्याहून सरळ चालवत नेली, इंजिन चांगलं तापलेलं. सुपरवायझरना म्हटलं, “साहेब, दहा मिनिटं द्या, माझ्यासमोर बघू.” गाडी न्यूट्रलमध्ये मेन स्टँडवर, इंजिन चालू. हँडल हळू डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. सातव्या वेळी डावीकडे टेकलं आणि इंजिन गेलं, मीटर काळं. पुन्हा चालू केली, हँडल डावीकडेच धरून हेडलाइटच्या मागच्या वायरींच्या जुडग्यावर बोटाने हलकं दाबलं, पुन्हा बंद. सोबतच्या मित्राने हे सगळं मीटरच्या रीडिंगसकट मोबाइलवर घेतलं.

मग त्यांनीच पुढचा भाग उघडला. गाडीच्या मानेपाशी सगळ्या वायरींचं एक जाड काळं जुडगं असतं, त्याला हार्नेस म्हणतात. ते ज्या पट्टीच्या आतून जायला हवं होतं, तिच्या बाहेरून गेलेलं होतं. हँडल डावीकडे वळलं की ते दोरीसारखं ताणलं जायचं आणि पट्टीच्या धारेवर घासायचं. वरचं काळं कव्हर बाजूला केल्यावर एका लाल वायरचं आवरण तिळाएवढं सोललेलं दिसलं. आत तांबं चमकत होतं आणि त्या बारीक तारांपैकी तीन-चारच शाबूत होत्या. हँडल वळलं की त्या सुटायच्या, सरळ झालं की पुन्हा टेकायच्या. एवढ्या जागेने अण्णांना ट्रॅक्टरपुढे आणून उभं केलं होतं.

तुमच्या गाडीतला दोष असा हाताने घडवता येणार नाही, तर सुपरवायझरना किंवा मेकॅनिकला मागे बसवून तुमच्या रस्त्याने न्या. तेही जमत नसेल तर गाडी दोन-तीन दिवस त्यांच्याकडे ठेवा आणि कोणत्या परिस्थितीत चालवून बघायची ते जॉब कार्डवर लिहून घ्या. स्कॅनर लावायला आवर्जून सांगा. १ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-६ गाड्यांत इंजिनाचा कारभार ईसीयू नावाचा छोटा संगणक बघतो आणि बिघाडाचे कोड त्यात साठू शकतात, मीटरवरचा इंजिनाच्या बिघाडाचा दिवा विझल्यानंतरही जुना कोड सापडण्याची शक्यता असते. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या. पुसल्यावर तो पुरावा गेला.

स्वतः काही उघडू नका. बाहेरच्या ओळखीच्या मेकॅनिककडेही नेऊ नका, तो कितीही हुशार असला तरी. कराडच्या माझ्या एका मित्राने नव्या गाडीला बाहेरून फॉग लॅम्प लावले, इलेक्ट्रिशियनने मूळ वायर कापून जोड दिला. पुढे त्याची बॅटरी रोज उतरायला लागली आणि वॉरंटीचा अर्ज त्या एका जोडावर फेटाळला गेला. दिवे, हॉर्न, चार्जर जे हवं ते वॉरंटी संपल्यावर लावा, नाहीतर शोरूमकडूनच बिलासकट लावून घ्या. ठरलेल्या सर्व्हिसही चुकवू नका, किलोमीटर किंवा दिवस यांत जे आधी येईल त्यावर, आणि पुस्तिकेत शिक्का हवाच.

पेट्रोलवर बोट दाखवलं जातंच. “भेसळीचं असेल, इथेनॉलनं होतं.” पेट्रोलमध्ये पाणी असलं तर गाडी खरंच त्रास देते, म्हणून ही शंका आपणच मिटवून टाकावी. आठवडाभर एकाच पंपावर भरा, पावत्या ठेवा. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि घनता तपासून मागायचा ग्राहकाला हक्क आहे, ती नाकारता येत नाही.

जॉब कार्ड हाच तुमचा साक्षीदार

माझ्या पहिल्या चार फेऱ्यांत मी तोंडी सांगत गेलो आणि अ‍ॅडव्हायझरने संगणकात टाकलं : ‘जनरल चेकअप’. कागदोपत्री माझी गाडी कधी बंद पडलीच नव्हती! ही चूक करू नका. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या : ‘हँडल डावीकडे वळल्यावर इंजिन व मीटर अचानक बंद, आजवर ८ वेळा, रस्त्यात धोका.’ तसं लिहिल्याशिवाय सही करू नका. गाडी परत घेताना काय तपासलं आणि काय बदललं तेही लिहून मागा. ‘ओके’ असं लिहिलं असेल आणि तुम्हाला पटत नसेल, तर सही करताना शेजारी ‘दोष कायम, सहमत नाही’ एवढं लिहा. त्याच रात्री कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा, जॉब कार्डचा फोटो जोडा, तक्रार क्रमांक घ्या. फोनवर बोलणं झालं तरी त्याचा सारांश ईमेलने पाठवा.

दोष सापडल्यावरही काम संपलं नव्हतं. सर्व्हिस सेंटरने सांगितलं की तुटक्या जागी जोड देऊन टेप मारतो, अर्ध्या तासात गाडी घेऊन जा. मी नाही म्हटलं. नव्या गाडीच्या मुख्य वायरला, ऐन वळणाच्या जागी, पावसाळ्यात पाणी जाईल असा जोड मला नको होता. “पूर्ण हार्नेस वॉरंटीत बदला आणि तो योग्य बाजूने बसवा,” असं लेखी दिलं. ते म्हणाले, कंपनीची परवानगी लागते. ते खरं आहे, मोठा भाग वॉरंटीत बदलायचा तर डीलर स्वतःच्या अखत्यारीत तो बदलत नाही, कंपनीचा विभागीय सर्व्हिस इंजिनियर मंजुरी देतो. म्हणून मागणी नेमकी करा : ‘तुमच्या सर्व्हिस इंजिनियरने अमुक तारखेच्या आत गाडी बघावी.’ माझ्या दोन ईमेलना उत्तर आलं नाही तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीकडे पाठवते आणि पाठपुरावा करते. मला मात्र चौथ्या दिवशी इंजिनियरचा फोन आला. व्हिडिओ बघून त्याने तिथल्या तिथे मंजुरी दिली. हार्नेस यायला १९ दिवस लागले. तेवढे दिवस गाडी त्यांच्याकडेच उभी ठेवली, चालवली नाही. ती किती तारखेपासून किती तारखेपर्यंत उभी होती तेही लिहून घेतलं.

गाडीच बदलून मिळेल का

हा प्रश्न सगळे विचारतात, मीही रागाच्या भरात विचारला होता. वॉरंटीची पुस्तिका वाचा. तिच्यात जवळपास नेहमी लिहिलेलं असतं की सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : वॉरंटीत भाग बदलून देण्याची अट असेल तर त्या अटीच्या आधारे अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. ग्राहकाला गाडी घेऊन माराव्या लागलेल्या हेलपाट्यांपोटी मात्र ५०,००० रुपये द्यायला लावले. त्यामुळे एका वायरसाठी नवी गाडी मागत बसलात तर भाग बदलून मिळायचं कामही लांबतं. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्या-त्या कंपनीची वेगळी असते, आणि ब्रेक शू, क्लच प्लेट, केबल यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत.

पण तोच दोष तीन-चार वेळा भाग बदलूनही परत येत असेल, इंजिन किंवा चासीमध्येच खोट असेल, किंवा दोष जिवावर बेतणारा असूनही कंपनी हातच लावत नसेल, तर पैसे परत मागायचा मार्ग उघडा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, किंमत परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. आधी डीलर आणि कंपनी दोघांनाही स्पीड पोस्टने पत्र पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. तक्रारीतही दोघांना पक्ष करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लागतोच असं नाही. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि ही दोन वर्षं सर्व्हिस सेंटरच्या ‘पुढच्या आठवड्यात या’ मध्ये कशी निघून जातात ते कळत नाही.

तिथे अडतं ते पुराव्यावर. दोष उत्पादनातलाच आहे हे सांगणारा तज्ज्ञ लागतो. तपासणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, तसा अर्ज तक्रारीबरोबरच द्या. त्याचा खर्च आधी आपल्याला भरावा लागू शकतो. शासकीय तंत्रनिकेतनातल्या ऑटोमोबाइलच्या प्राध्यापकांसारख्या त्रयस्थाचा लेखी अहवाल असला तर फार फरक पडतो. आणि तोवर गाडी हजारो किलोमीटर पळवलेली असेल तर समोरचा पक्ष ते रीडिंग दाखवूनच म्हणणार, की इतकी चालली म्हणजे सदोष कशी? धोकादायक गाडी उभी करून ठेवणं हे जिवासाठी तर आहेच, दाव्यासाठीही आहे.

बदललेला जुना भाग वॉरंटीत कंपनी परत घेते, तो आपल्याला मिळत नाही. म्हणून तो काढतानाच फोटो घ्या. मी नव्या हार्नेसचा पार्ट नंबर जॉब कार्डवर लिहून घेतला, तो पट्टीच्या आतून गेलाय हे टॉर्च लावून बघितलं, मग तिथेच मेन स्टँडवर हँडल पन्नास वेळा डावीकडे वळवलं. पुढचे हजार किलोमीटर वही चालू ठेवली. एकही नोंद झाली नाही. मार्चमध्ये अण्णांना तपासणीसाठी न्यायचं होतं. रिक्षा बोलवू का म्हणून विचारलं, तर ते गाडीपाशी जाऊन उभे राहिले.